फुप्फुसातल्या धमन्यांची परतीची वाट

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच मोठं भोक असलेलं बाळ सहा महिन्यांचं असताना शस्त्रक्रियेला आलं, तर ते भोक बुजवता येतं. बाळ अंग धरतं, पुढे शाळेत जातं, धावतं. तेच मूल बारा-चौदा वर्षांचं होऊन, ओठ आणि नखं निळसर पडल्यावर आलं, तर डॉक्टर त्या भोकाला हात लावत नाहीत. भोक तेच असतं, शस्त्रक्रियाही तीच. पण मधल्या वर्षांत फुप्फुसातल्या बारीक धमन्या जाड होत होत इतक्या अरुंद झालेल्या असतात, की ते भोक हीच उजव्या हृदयाला दाब सोडायला उरलेली एकमेव जागा असते. ती बंद केली तर उजवं हृदय समोरच्या दाबापुढे टिकत नाही. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ साली अशा एका रुग्णाचं वर्णन केलं. पुढे १९५८ साली लंडनच्या पॉल वुड यांनी त्यांचंच नाव देऊन ही अवस्था नीट उलगडून दाखवली.

या दोन मुलांमध्ये जे अंतर आहे, त्यात फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या पेशीविज्ञानाचा सगळा प्रश्न सामावला आहे. उशीर नेमका कधी होतो? धमनीच्या भिंतीत काय बदललं म्हणजे ती मूळ रूपात परत येत नाही? आणि परत न येणाऱ्या भिंतीला परत आणता येईल का? या आढाव्यात मी मार्लीन रॅबिनोविच यांची कारकीर्द मध्यभागी ठेवली आहे. लहान मुलांच्या हृदयरोगाच्या या डॉक्टर-संशोधिकेने हाच प्रश्न बॉस्टनमध्ये उचलला, टोरांटोत वीस वर्षं सांभाळला आणि स्टॅनफर्डला नेला. या क्षेत्रात नव्या यंत्रांनी, नव्या औषधांनी बरंच काही दिलं. पण प्रश्न पुढे सरकला तो रुग्णाच्या खाटेपासून पेशीपर्यंत तोच धागा न सोडणाऱ्या माणसांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

आधी फुप्फुसाच्या रक्ताभिसरणाचं वेगळेपण ध्यानात घ्यायला हवं. हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त बाहेर टाकतं. मेंदू, मूत्रपिंडं, स्नायू त्यातला आपापला वाटा घेतात. फुप्फुसातून मात्र ते सगळंच्या सगळं जातं. तरीही निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. उरलेल्या शरीराच्या धमन्यांत तो नव्वदीच्या घरात. चढ चढताना प्रवाह दुप्पट-तिप्पट झाला तरी हा दाब थोडाच वाढतो, कारण मिटून राहिलेल्या केशवाहिन्या उघडतात आणि उघड्या असलेल्या फुगतात. या केशवाहिन्यांचं आतलं अस्तर पसरलं तर शंभर चौरस मीटरहून जास्त भरेल. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ आहे. अशा रचनेत भिंत थोडी जाड झाली तरी त्याची किंमत मोठी असते, आणि ती किंमत उजवं हृदय मोजतं. ते मुळात कमी दाबासाठीच घडलेलं आहे.

फुप्फुसाची धमनी प्राणवायू कमी पडला की आकसते, हे १९४६ साली स्टॉकहोममध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि यॉरान लिलयेस्ट्रान्ड यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. शरीरात इतरत्र नेमकं उलटं घडतं. प्राणवायू घटला की धमन्या सैलावतात. फुप्फुसाचं हे वागणं शहाणपणाचं आहे. ज्या भागात हवा पोचत नाही तिथलं रक्त हवेशीर भागाकडे वळवलं जातं. पण सगळ्या फुप्फुसालाच प्राणवायू कमी पडला तर? कोलोरॅडोच्या डोंगराळ कुरणांत चरणाऱ्या गुरांच्या छातीखाली पाणी साचून सूज येते आणि ती दगावतात, याची नोंद तिथे १९१५ साली झाली होती. कारण होतं उंचीवरच्या विरळ हवेने आकसलेल्या आणि मग जाड झालेल्या धमन्या. या गुरांना वेळेत खाली सपाटीवर आणलं, तर बरीचशी सावरतात.

माणसांतला याचा सर्वांत ठळक पुरावा भारतीय सैन्यातून आला. १९६२ च्या युद्धात सपाटीवरून थेट हिमालयात नेलेल्या जवानांच्या फुप्फुसांत पाणी भरल्याच्या घटना इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली तपशिलाने प्रसिद्ध केल्या. त्या विषयावरचं ते जगातलं पायाभूत काम आहे. त्यानंतर १९९० साली चंडीगडच्या इंदर आनंद आणि सहकाऱ्यांनी एक वेगळंच दुखणं मांडलं. ५,८०० मीटरहून उंच ठाण्यांवर अनेक आठवडे राहिलेल्या तरुण, धडधाकट जवानांचं उजवं हृदय फुगून निकामी होऊ लागलं होतं. पायांवर सूज, पोटात पाणी, धाप. त्यांना खाली आणल्यावर काही आठवड्यांत हृदयाचा आकार आणि दाब दोन्ही पूर्वपदावर आले. संधिवाताच्या तापाने मिट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांतही हेच दिसतं: झडप फुग्याने रुंद केली की वर्षानुवर्षं चढलेला फुप्फुसातला दाब बहुतेकांत उतरतो. आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत अशा रुग्णांची रांग कित्येक दशकं लागलेली होती. म्हणजे धमनी परत फिरते. आयझेनमेंगरच्या रुग्णात मात्र ती फिरत नाही. हा फरकच खरा प्रश्न आहे.

तो फरक भिंतीत शोधायचा, तर भिंत जिवंत आहे हे आधी पटावं लागतं. बराच काळ रक्तवाहिनी म्हणजे नळी, एवढंच मानलं जाई. १९६७ साली लंडनमध्ये जॉन वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिनचं कार्यक्षम रूप मुख्यतः रक्त फुप्फुसातून जाताना तयार होतं. हे रूपांतर करणारं विकर फुप्फुसाच्या अस्तरपेशींच्या पृष्ठभागावरच असतं, हे सत्तरच्या दशकात ऊना रायन आणि इतरांच्या कामातून स्पष्ट झालं. आज लाखो मराठी घरांत रक्तदाबासाठी जी ‘प्रिल’ गटातली गोळी सकाळी घेतली जाते, ती याच विकराला रोखते. मग १९७६ साली अस्तरपेशी प्रोस्टासायक्लिन तयार करतात हे कळलं, १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी अस्तर शाबूत असेल तरच धमनी सैलावते हे दाखवलं, आणि तो सैलावणारा रेणू नायट्रिक ऑक्साइड निघाला. १९८८ साली जपानच्या यानागिसावा यांच्या गटाला त्याच पेशींत एंडोथेलिन सापडलं, जे धमनी जबरदस्त आवळतं. वीस वर्षांत नळीचं एक अवयव झालं. या शोधांवर औषधं उभी राहिली. त्यांच्याकडे मी पुढे येतो.

मार्लीन रॅबिनोविच मॅकगिल विद्यापीठात शिकल्या, कोलोरॅडोत बालरोग शिकल्या आणि हृदयरोगाच्या प्रशिक्षणासाठी बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात आल्या. तिथे १९७० च्या दशकात लिन रीड या असाधारण विकृतिशास्त्रज्ञ काम करत होत्या. फुप्फुसाच्या रचनेकडे पाहण्याची रीड यांची रीत मोजमापाची होती. फुप्फुसाच्या धमन्यांत बेरियम आणि जिलेटिनचं मिश्रण भरायचं, मग प्रत्येक धमनी कोणत्या श्वासनलिकेशेजारी आहे ते बघायचं, तिचा व्यास मोजायचा, भिंतीची जाडी मोजायची, आणि एवढ्या क्षेत्रात अशा किती धमन्या आहेत ते मोजायचं. वर्णनाऐवजी आकडे. १९५८ साली डोनाल्ड हीथ आणि जेसी एडवर्ड्स यांनी धमनीच्या विकृतीच्या सहा पायऱ्या ठरवल्या होत्या. त्या उपयोगी होत्या, पण त्यांत वरच्या पायऱ्यांचं, म्हणजे फार उशीर झालेल्या अवस्थेचं चित्रच जास्त स्पष्ट होतं. लहान बाळात नुकतं काय सुरू झालंय, ते त्यांतून कळत नसे.

१९७८ साली रॅबिनोविच, लंडनहून आलेल्या शीला हॉवर्थ, शल्यचिकित्सक आल्दो कास्तान्येदा, अलेक्झांडर नाडास आणि रीड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या फुप्फुसाच्या तुकड्यांवर ही मोजमापाची रीत लावली. त्यांना तीन टप्पे दिसले. आधी ज्या बारीक धमन्यांना स्नायूचा थर नसायलाच हवा, त्यांत स्नायू पसरलेला दिसतो. मग नेहमीच्या स्नायुधमन्या जाड होतात. आणि शेवटी बारीक धमन्यांची संख्याच घटते. १९८४ साली त्यांनी याच रुग्णांचा पुढचा प्रवास जोडून दाखवला: नऊ महिन्यांच्या आत ज्यांची दुरुस्ती झाली, त्यांचा दाब वर्षभरात सामान्य झाला, भिंतीत विकृती कितीही असो. त्यानंतर मात्र आधीची विकृती पुढचं भवितव्य ठरवू लागते. ‘उशीर’ या शब्दाला पहिल्यांदा महिन्यांत मोजता येईल असा अर्थ मिळाला. भारतातल्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या दृष्टीने हे काम कितीही वेळा सांगावं इतकं मोलाचं आहे.

इथे थांबून उत्तम नैदानिक संशोधक म्हणून नाव मिळवता आलं असतं. पण त्या मागे गेल्या: स्नायू जिथे नव्हता तिथे येतो कसा? उंदरांना निम्म्या वातावरणीय दाबाच्या कोठडीत ठेवून त्यांनी हा बदल दिवसागणिक पाहिला. १९८२ च्या सुमारास टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात आल्यावर त्यांनी मुलांच्या फुप्फुसधमन्यांचं आतलं अस्तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. निरोगी धमनीचा आतला पृष्ठभाग कॉर्डुरॉय कापडासारखा दिसतो, उथळ, अरुंद, समांतर कडांचा. दाब चढलेल्या धमनीत त्याच कडा खोल, जाड आणि पिळवटलेल्या होत्या, दोरखंडासारख्या. आणि अस्तराखालचा इलास्टिनचा थर, भिंतीला लवचीकपणा देणारा, जागोजागी तुटलेला होता. हे चित्र मला या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. इलास्टिन हे शरीरातल्या सर्वांत टिकाऊ प्रथिनांपैकी एक. ते आपोआप तुटत नाही. काहीतरी ते तोडत असलं पाहिजे.

तिथून इलास्टेझ या विकराची कहाणी सुरू झाली. हे विकर धमनीच्या स्नायुपेशी स्वतःच तयार करतात, असं टोरांटोतल्या प्रयोगांत दिसलं. अस्तर दुखावलं की रक्तातले घटक भिंतीत झिरपतात, स्नायुपेशी चेतवल्या जातात आणि इलास्टेझ बाहेर टाकतात. इलास्टिन तुटलं की त्यात अडकून पडलेले वाढीचे घटक मोकळे होतात. त्याबरोबर भिंतीत टेनासिन-सी नावाचं प्रथिन साचतं, आणि त्याच्या संगतीत स्नायुपेशी वाढीच्या संदेशाला कितीतरी जोरात प्रतिसाद देतात. ते काढून घेतलं तर याच पेशी मरतात. म्हणजे भिंतीची वाढ आणि भिंतीचं ओसरणं, दोन्ही एकाच ठिकाणी ठरतं, पेशी ज्या जाळीत बसलेली आहे त्या जाळीत.

या कल्पनेची कसोटी २००० साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी जो बोरू पेरतात, त्याच्याच प्रजातीतल्या एका वनस्पतीच्या बियांत मोनोक्रोटॅलिन नावाचं विष असतं. ते टोचलेल्या उंदरांच्या फुप्फुसधमन्या तीन आठवड्यांत जाड होतात आणि उंदीर मरू लागतात. रॅबिनोविच यांच्या गटाने एकविसाव्या दिवशी, म्हणजे आजार पूर्ण मुरल्यावर, इलास्टेझ रोखणारं औषध तोंडावाटे द्यायला सुरुवात केली. एका आठवड्यानंतर उपचार मिळालेले ९२ टक्के उंदीर जिवंत होते, बाकीच्यांत ३९ टक्के. दोन आठवड्यांनी ८६ टक्के, आणि उपचार न मिळालेल्यांत एकही नाही. दाब सामान्य झाला होता, भिंतीही. जास्तीच्या स्नायुपेशी मरून गेल्या होत्या, जास्तीचं इलास्टिन नाहीसं झालं होतं. मुरलेली विकृती पूर्ण मागे फिरते, हे जिवंत प्राण्यात इतक्या स्पष्टपणे तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

या प्रयोगाचं महत्त्व मान्य करूनही एक आक्षेप नोंदवायला हवा, आणि तो या क्षेत्रात उघडपणे घेतला जातो. मोनोक्रोटॅलिनचा उंदीर हा माणसाच्या आजाराचा पुरेसा प्रतिनिधी नाही. त्याला अनेक औषधांनी बरं करता येतं, जी माणसाला बरं करत नाहीत. माणसात धमनीच्या आत अस्तरपेशींच्या गुंतागुंतीच्या गाठी बनतात. या उंदरात त्या बनत नाहीत. या गाठींकडे सर्वांत बारकाईने पाहिलं ते कोलोरॅडोतल्या रुबिन टुडर आणि नॉर्बर्ट फोएल्केल यांच्या गटाने. कारण न सापडलेल्या फुप्फुसीय उच्च दाबात या गाठी एकाच मूळ पेशीच्या वंशातून वाढलेल्या असू शकतात, हे त्यांनी १९९८ साली दाखवलं आणि आजाराची तुलना थेट कर्करोगाशी होऊ लागली. पुढे २००१ साली त्यांनी अस्तरपेशींना जगवणाऱ्या घटकाचा मार्ग अडवून उंदरांना विरळ हवेत ठेवलं. अस्तरपेशी आधी मोठ्या संख्येने मेल्या, आणि ज्या तगल्या त्या न मरणाऱ्या, वाढतच राहणाऱ्या निघाल्या. परतीची वाट का बंद होते, याचं हे उत्तर मला फार पटतं: मागे राहतात त्या मुळी परत न फिरणाऱ्याच पेशी.

तिसरा विचार धमनीच्या बाहेरच्या थराचा. कोलोरॅडोचेच कर्ट स्टेनमार्क नवजात वासरांना ४,३०० मीटर उंचीइतक्या विरळ हवेत ठेवत, आणि दोनच आठवड्यांत त्यांचा फुप्फुसदाब शरीराच्या दाबाइतका चढे. भिंतीतली गडबड बाहेरच्या थरातल्या तंतुपेशींपासून आणि तिथे गोळा होणाऱ्या दाहपेशींपासून सुरू होते, असं त्यांनी दीर्घ काळ मांडलं. चौथा विचार स्नायुपेशीच्या आतला: केनेथ वियर आणि स्टीव्हन आर्चर यांनी प्राणवायूची घट पेशीतल्या मायटोकाँड्रियाला कळते आणि पोटॅशियमचे मार्ग बंद होऊन स्नायू आकसतो, हे दाखवलं. अस्तर, स्नायू, जाळी, बाहेरचा थर. प्रत्येक गटाने आपल्या थराला मूळ ठरवलं. यातलं कुणी चुकलं होतं असं मला वाटत नाही, पण प्रत्येकाचा प्राणी वेगळा होता, आणि बरेचसे वाद त्या प्राण्यांच्या वेगळेपणाचेच होते.

२००० साली दोन गटांनी स्वतंत्रपणे एक जनुक शोधून काढलं आणि या वादांना एक समान जमीन मिळाली. व्हँडरबिल्टच्या जॉन न्यूमन आणि जेम्स लॉईड यांनी ऐंशीच्या दशकापासून ज्या घराण्यांत हा आजार पिढ्यान् पिढ्या येतो त्यांच्या वंशावळी जमवल्या होत्या. त्यातून बीएमपीआर-२ हे जनुक सापडलं. त्यातून बनणारं प्रथिन वाढ आवरण्याचा संदेश पेशीत पोचवतं. आनुवंशिक आजार असलेल्या घराण्यांपैकी बहुसंख्यांत या जनुकात दोष असतो. पण दोष असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. पाचातल्या साधारण एकालाच होतो, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. उरलेल्यांना कोण वाचवतं?

रॅबिनोविच २००२ मध्ये स्टॅनफर्डला गेल्या आणि त्यांच्या तिथल्या कामाचा मोठा भाग या प्रश्नाने व्यापला. २०१७ साली त्यांच्या गटातल्या मिंग्शिया गू यांनी एकाच घराण्यातल्या आजारी आणि निरोगी दोषवाहकांच्या पेशींपासून मूलपेशी आणि त्यांपासून अस्तरपेशी तयार केल्या. निरोगी राहिलेल्यांच्या पेशींत त्याच दोषाची भरपाई करणारे दुसरे मार्ग चालू होते. त्याआधी २०१५ साली त्यांच्याच गटाने दाखवलं होतं, की इलास्टेझला रोखणारं माणसाच्या शरीरातलंच नैसर्गिक प्रथिन, एलाफिन, बीएमपीआर-२ चा संदेशही बळकट करतं. जाळीची कहाणी आणि जनुकाची कहाणी इथे एकाच पेशीत भेटतात. तीस वर्षांपूर्वी तुटलेल्या इलास्टिनकडे बघून घेतलेला माग असा फळाला यावा, यात मला फार मोठा आनंद वाटतो.

औषधांचा हिशेब मात्र वेगळ्याच वाटेने चालला. आधी सांगितलेल्या अस्तराच्या रेणूंवरून तीन घराणी निघाली. प्रोस्टासायक्लिन १९९५ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. छातीतल्या नळीतून पंपाने अहोरात्र द्यावं लागणारं हे औषध. १९९६ साली रॉबिन बार्स्ट यांच्या चाचणीत ८१ रुग्ण होते. बारा आठवड्यांत आठ मरण पावले, आणि ते सगळे हे औषध न मिळालेले होते. एंडोथेलिन रोखणारं बोसेंटन २००१ मध्ये आलं, नायट्रिक ऑक्साइडचा मार्ग लांबवणारं सिल्डेनाफिल २००५ मध्ये. सिल्डेनाफिलच्या सुरुवातीच्या पुराव्यात हैदराबादच्या बी. के. एस. शास्त्री आणि सहकाऱ्यांची २००४ मधली चाचणी आहे. महागडी औषधं न परवडणाऱ्या देशातल्या डॉक्टरांनी स्वस्त औषधाची नीट तुलनात्मक परीक्षा केली, याचा उल्लेख अशा आढाव्यांत पुरेसा होत नाही. या सगळ्या औषधांनी आयुष्य वाढवलं. पण ती धमनी सैलावतात. भिंत मूळ रूपात आणत नाहीत. दीर्घ उपचारानंतर प्रत्यारोपणासाठी काढलेल्या फुप्फुसांत गाठी तशाच दिसतात.

भिंतीलाच हात घालणारं पहिलं मान्य औषध म्हणजे सोटाटरसेप्ट. वाढ आवरणारा बीएमपीआर-२ चा संदेश कमजोर पडला की वाढ चेतवणारा अॅक्टिव्हिनचा संदेश वरचढ होतो. हे औषध अॅक्टिव्हिनला रक्तातच पकडून तोल सावरतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधीची औषधं चालू असलेल्याच ३२३ रुग्णांत, २४ आठवड्यांनी सहा मिनिटांत चालता येणारं अंतर तुलनेने सुमारे ४१ मीटर वाढलं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत ते मान्य झालं. अतिगंभीर रुग्णांवरची पुढची चाचणी परिणाम इतका स्पष्ट दिसल्यामुळे मुदतीआधीच थांबवली: मृत्यू, प्रत्यारोपण किंवा आजार बळावून रुग्णालयात दाखल होणं यांपैकी काही ना काही १७.४ टक्के रुग्णांत घडलं, औषध न मिळालेल्यांत ५४.७ टक्क्यांत. हिमोग्लोबिन वाढणं, नाकातून रक्त येणं, त्वचेवर बारीक रक्तवाहिन्या उमटणं हे त्याचे त्रास आहेत. तरीही १९७८ पासून विचारलेल्या प्रश्नाला माणसात मिळालेलं हे पहिलं होकारार्थी उत्तर आहे, असं म्हणायला आता हरकत नाही. उत्तर अर्धंच आहे, कारण भिंत खरोखर किती मागे फिरली हे चालण्याच्या अंतरातून कळत नाही.

गेल्या पाच वर्षांत या विषयाची जमीनही बदलली आहे. एकेका पेशीतली जनुकं वाचता येऊ लागल्यावर २०२० साली स्टॅनफर्डमध्येच असं दिसलं, की हवेच्या पिशवीभोवतीच्या केशवाहिन्यांत एका नव्हे, दोन प्रकारच्या अस्तरपेशी असतात. एक पसरट, वायूंच्या देवाणघेवाणीत रमलेली. दुसरी दुखापतीनंतर वाढून दोन्हींची भरपाई करणारी. त्याच वर्षी कोविडने मेलेल्यांच्या फुप्फुसांत इन्फ्लुएंझाच्या तुलनेत केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या नऊ पट आढळल्या. श्वसनाचा आजार म्हणून ज्याला आपण तोंड देत होतो, तो बऱ्याच अंशी या अस्तराचा आजार होता. भरपाई करणारी पेशी कधी थकते आणि कधी बिघडते, हा परतीच्या वाटेचा आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो मोठ्या धमनीपेक्षा केशवाहिनीत विचारायला हवा असं मला वाटतं.

आपल्याकडे हा विषय दुर्मीळ आजारांच्या खात्यात टाकला जातो. ते बरोबर नाही. अनुवंशाने किंवा विनाकारण होणारा प्रकार दुर्मीळ आहे; फुप्फुसातला दाब चढवणारी बाकी कारणं आपल्याकडे भरपूर आहेत. विदर्भात, मेळघाटात, नंदुरबारमध्ये सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात लाल पेशी फुटून मोकळं झालेलं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं, आणि काही रुग्णांत फुप्फुसाच्या धमन्या त्यामुळे जाड होतात. मार्क ग्लॅडविन यांनी २००४ पासून हे मांडलं आहे. संधिवाताच्या तापाच्या झडपा आहेत. सीमेवरच्या उंचीवर राहणारे जवान आहेत. आणि हृदयातलं भोक उशिरा सापडलेली मुलं आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाड्या आणि शाळांत तपासणी होते, हृदयाचे दोष सापडतात, शस्त्रक्रियाही होतात. पण अंगणवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या मुलात मोठं भोक सापडणं म्हणजे १९८४ च्या हिशेबाने नऊ महिन्यांची रेषा कधीच ओलांडलेली असणं. तपासणीचा भर प्रसूतीगृहात आणि पहिल्या लसींच्या भेटींत असायला हवा. बाळाच्या बोटाला लावायचं प्राणवायू मोजणारं छोटं यंत्र तिथे काही दोष पकडतं, पण मोठ्या भोकाचं बाळ सुरुवातीला निळं नसतं; ते दूध पिताना दमतं, घामेजतं, वजन धरत नाही. हे ओळखायला आशाताईंना आणि परिचारिकांना शिकवणं हीच यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाययोजना आहे.

संशोधनाच्या बाजूने एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेली रोगट फुप्फुसं आणि निरोगी दात्यांची न वापरता आलेली फुप्फुसं जपून, ठरावीक पद्धतीने प्रक्रिया करून, अनेक प्रयोगशाळांना पुरवण्याची व्यवस्था उभी राहिली. गेल्या दोन दशकांतलं माणसाच्या पेशींवरचं बरंच काम त्याच ऊतींवर झालं आहे. त्यात सिकलसेलची, संधिवाताच्या झडपेची किंवा दहा वर्षं उघड्या राहिलेल्या भोकाची फुप्फुसं क्वचितच येतात, कारण हे रुग्ण तिथे तेवढे नाहीतच. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर, चेन्नई, दिल्लीत शवविच्छेदन, झडपेची शस्त्रक्रिया आणि आता फुप्फुसांचं प्रत्यारोपणही होतं. रुग्णाची किंवा नातेवाइकांची संमती घेऊन, रुग्णाच्या दाबाच्या नोंदीसह, अशा ऊतींचा एक सामायिक साठा इथे उभा करता येईल. मिट्रल झडप रुंद केल्यावर दाब उतरलेला रुग्ण आणि न उतरलेला रुग्ण, या दोघांच्या धमन्यांतल्या पेशी शेजारी ठेवून बघणं जगात इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा इथे जास्त शक्य आहे.